खंड्याचं औषध

जनावरं एकमेकांच्या दुखण्याला धावून जायची त्या काळची गोष्ट. एका वाडीत खंड्या नावाचा कुत्रा स्वतःला वैद्य समजायला लागला होता. औषध एकच. नासकं काही पोटात गेलं, की तो बांधावरची हरळी खायचा, भडाभडा ओकायचा आणि शेपूट हलवत घरी यायचा.

एकदा मैनी म्हैस दावं तोडून गेली आणि वाळत घातलेल्या एरंडाच्या विषारी बिया खाऊन आली. गोठ्यात येताच ती कण्हायला लागली. म्हातारी शेळी म्हणाली, "खंड्या, भुंक बाबा! धन्याला बोलाव."

"धन्याला काय कळतंय? मरणाच्या दारातून मी परत आलोय, तो नाही," खंड्या गुरकावला. "मैनीबाई, हरळी खा. पोटातलं सगळं वर येईल."

मैनीनं मुकाट्यानं हरळी खाल्ली. थोड्या वेळानं पोटातलं खरंच वर आलं. खंड्या हरखून तिच्याभोवती नाचायला लागला. "टाक, बाहेर टाक!"

"बाहेर?" मैनी गोंधळली. "आमच्यात टाकत नाहीत रे."

तिनं तो घास सवयीनं दाढेखाली घेतला, शांतपणे रवंथ करत अख्ख्या बिया बारीक दळल्या आणि पुन्हा गिळल्या. मग दुसरा घास वर आला. तोही गिळला.

दिवस मावळायच्या आत मैनीचे डोळे थिजले. तेव्हा कुठे खंड्या भुंकला.

पहिल्याच भुंकण्याला धनी भरल्या ताटावरून उठून, उष्ट्या हातानंच धावत आला.