आवडाक्काचे लाकडी आचारी

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा सुतार लाकडाशी बोलत आणि लाकूड त्यांना उत्तर देत असे. तुम्ही लहान असाल तर लगेच विश्वास ठेवाल. मोठे असाल तर थोडा वेळ लागेल, पण हरकत नाही.

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. देवीच्या उत्सवाला दोन्ही गावं एकत्र जेवत. मग एका वर्षी पंगतीत आधी कुणाला वाढायचं यावरून भांडण झालं. अलीकडचे म्हणाले चूक पलीकडच्यांची, पलीकडचे म्हणाले अलीकडच्यांची. शेवटी नाव वाळूत ओढून उपडी घातली आणि येणंजाणं बंद झालं. चांगली शहाणीसुरती माणसं, आणि भांडण कशावरून, तर वरणभातावरून!

याचं सगळ्यात मोठं दुःख आवडाक्काला होतं. ती अलीकडच्या गावची आचारीण. तिची एकुलती एक लेक बयजा भांडणाच्या आधीच पलीकडे दिलेली होती. लेकीला माहेर नाही आणि आईला लेकीचं दार नाही, अशी गत झाली. बयजा धुणं घेऊन घाटावर आली की आवडाक्का अलीकडून हात हलवायची, पलीकडून हात हलायचा. मायलेकींची भेट एवढीच.

अखेर दोन्ही गावांतली म्हातारी माणसं या अबोल्याला कंटाळली. त्यांनी ठरवलं, यंदाचा उत्सव एकत्र करायचा, जेवण अलीकडच्या गावात. नीट पार पडलं तर नाव सुरू. काही वावगं झालं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

आवडाक्काने मनाशी हिशेब मांडला. दोन गावांचा स्वयंपाक तिच्या दोन हातांनी कसा व्हायचा? आणि तो बिघडला, तर लेक कायमची दुरावणार होती.

तेव्हा गावचा भिवा सुतार म्हणाला, “आक्का, तू नुसतं सांग. करणारे मी देतो.” त्याने सागाचे बाहुले घडवले. एक धान्य निवडणारा, एक चिरणारा, एक वाटण वाटणारा, एक जाळ घालणारा, एक ढवळणारा, एक गूळ-मीठ घालणारा, एक वाढणारा. या सगळ्यांवर एक मुकादम बाहुला. एकाचं काम झालं की मुकादमाने दुसऱ्याला सांगायचं, अशी व्यवस्था. बाहुले दमत नसत, रुसत नसत, तंबाखू मळायला बाहेर जात नसत. काम संपलं की प्रत्येक जण म्हणे, “झालं, आक्का.”

पहिल्यांदा आवडाक्काचा त्यांच्यावर भरवसा बसेना. तिने बजावलं, “मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही.” बाहुले कसले आज्ञाधारक! “आक्का, हा खडा टाकू?” “आक्का, लाकूड सरकवू?” “आक्का, डावीकडून ढवळू की उजवीकडून?” आवडाक्का या चुलीपासून त्या चुलीपर्यंत धावून धावून बेजार झाली. सकाळचा स्वयंपाक दिवेलागणीला तयार झाला.

उत्सवाच्या दिवशी मग ती दुसऱ्या टोकाला गेली. कोणतं काम कसं करायचं ते तिने पहाटेच मुकादमाला सांगितलं आणि वर म्हणाली, “आता तुमचं तुम्ही बघा.”

आता त्या गावची एक रीत ऐका. देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाक कुणी चाखायचा नाही, आचाऱ्यानेसुद्धा नाही. आवडाक्काने विचार केला, चाखायचं तर नाहीच, मग चुलीपाशी उभी राहून मी करू तरी काय? तिने पदराला हात पुसले आणि ती घाटावर जाऊन बसली. पलीकडून नाव सुटली होती आणि नावेत बयजा होती.

नाव मध्यावर आली असेल नसेल, तोच वाऱ्याबरोबर एक वास आला. आंबूस. आवडाक्का उठली आणि धावत सुटली.

खिरीचं पहिलं पातेलं नासलं होतं. दूध वेगळं, पाणी वेगळं. आवडाक्काने सांगितलं होतं, “चुलीवरून उतरवली की गूळ घाल.” बाहुल्याने उतरवल्या क्षणी, कढत दुधात गूळ घातला होता. आवडाक्का जन्मभर आधी पातेल्याला हात लावून बघायची, खीर निवू द्यायची आणि मगच गूळ घालायची. पण ते तिचा हात करायचा, त्यामुळे सांगावं असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आणि वाढणारा बाहुला तीच फाटलेली खीर देवीच्या वाटीत घालत होता.

“अरे, तुला दूध फाटलेलं दिसलं नाही?”

“दिसलं, आक्का.”

“मग बोलला का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही, आक्का.”

मुकादम म्हणाला, “गूळवाल्याने झालं म्हणून सांगितलं, मी पुढे सांगितलं.”

आवडाक्काला रडू फुटलं. चाखणं म्हणजेच बघणं असं ती समजून बसली होती. इतकी वर्षं तिने डोळ्यांनी, नाकाने, हाताच्या तळव्याने राखण केली होती आणि नेमकी आज ती राखण सोडून दिली होती. पण रडायला सवड नव्हती. दुसरं पातेलं उतरायच्या बेतात होतं.

“थांबा!” ती ओरडली. सगळे बाहुले जागच्या जागी थांबले.

“निवडणं, चिरणं, वाटणं, जाळ घालणं तुमचं तुम्ही करा, मला विचारू नका. पण जे एकदा केलं की परत फिरवता येत नाही, तिथं माझ्यासाठी थांबायचं. गूळ, मीठ, फोडणी आणि नैवेद्याचं ताट. आणि काही वेगळं दिसलं तर न विचारता बोलायचं. कळलं?”

लगेच एक बाहुला बोलला, “आक्का, आमटीत काहीतरी काळं तरंगतंय.”

“लवंग आहे रे ती. पण बरं केलंस सांगितलंस.”

दुसरा म्हणाला, “आक्का, भात एका बाजूने लागतोय.” तो मात्र खरंच लागत होता. भात वाचला. दुसऱ्या पातेल्यातली खीर निवली, आवडाक्काने पातेल्याला हात लावून पाहिला आणि मग गूळ पडला.

देवीला नैवेद्य दाखवून झाला. पंगती बसू लागल्या आणि कळलं, की खीर निम्म्याच लोकांना पुरेल. पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला, आधी कुणाला? दोन्हीकडच्यांच्या भुवया चढल्या. अलीकडचा कारभारी घाईघाईने म्हणाला, “आमचा काही दोष नाही! या लाकडांनी घोटाळा केला. घाला त्यांना चुलाणात!”

आवडाक्का पुढे झाली.

“त्यांना काही करू नका. त्यांनी सांगितलेलं केलं. सांगणारी मी आणि लक्ष ठेवायचं तेही मीच. मी उठून गेले. चूक माझी आहे.”

पलीकडचे पाटील मोठे रागीट म्हणून प्रसिद्ध होते. ते पाटावरून उठले तेव्हा आवडाक्काला वाटलं, संपलं सगळं.

पाटील म्हणाले, “आक्का, आम्ही भांडलो, तेव्हा ‘चूक माझी’ एवढं बोलणारं एक माणूस दोन्ही गावांत निघालं असतं, तर नाव इतकी वर्षं वाळूत पडली नसती. मीसुद्धा बोललो नाही.” मग त्यांनी वाढपी बाहुल्याला हाक मारली. “सगळ्यांना अर्धी अर्धी वाटी वाढ रे. आणि आमची माणसं तुमच्या माणसांत मिसळून बसू देत. आधी कोण आणि मागून कोण, हे कळायलाच नको.”

बाहुला हलला नाही. त्याने आवडाक्काकडे पाहिलं. तिने मान डोलावली, तेव्हा त्याने डाव उचलला.

बयजाच्या पानावर मात्र आवडाक्काने स्वतःच्या हाताने खीर वाढली. बयजाने एक घास घेतला आणि म्हणाली, “आई, गूळ जरा कमी झालाय गं.” इतक्या वर्षांनी लेक समोर बसून तक्रार करत होती. आवडाक्का हसता हसता डोळे पुसत राहिली. नाव त्यानंतर कधी वाळूत ओढली गेली नाही, आणि बयजा पंधरवडाभर माहेरी राहिली.

तात्पर्य: काम कितीही हातांवर सोपवावं, पण त्यावरची नजर आणि त्याची जबाबदारी आपल्याकडेच ठेवावी.