मेलेली मुंगी

मुंग्यांना माणसांचं बोलणं कळायचं, त्या काळची गोष्ट. एका घराच्या पायरीखाली मुंग्यांचं वारूळ होतं. त्या घरातली लहानगी कुमुद पायरीवरून वरचेवर पडायची. पडली की तिची आई म्हणायची, "उगी उगी. बघ, बिचारी मुंगी मेली."

ते ऐकून दर वेळी वारुळात रडारड व्हायची. पिल्लं आपापली आई शोधत फिरायची. मेलेलं मात्र कोणीच नसायचं.

शेवटी थोरली मुंगी चिडली. "धडधाकट असताना आपल्याला मारून टाकतात. आता मीच त्या बाईला जाब विचारते."

त्याच दिवशी कुमुद पुन्हा पडली. गुडघा सोलवटला, रक्त आलं. आईने तिला जवळ घेतलं, गुडघ्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "मुंगी मेली गं."

थोरली तावातावाने पायरीवर चढली. कुमुदचं रडणं थांबलं होतं. गालावरचं पाणी तसंच ठेवून ती खाली वाकून मुंगी शोधत होती. थोरली दिसताच तिने विचारलं, "तुला लागलं?" आणि आईसारखीच जोरात फुंकर घातली. थोरली हातभर लांब जाऊन उताणी पडली.

ती परत आल्यावर सगळ्या भोवती जमल्या. "बाई काय म्हणाली?"

"तिला विचारायचं राहिलं," थोरली म्हणाली. "पिल्लांना सांगून ठेवा, कोणी मेलेलं नसतं. आणि यापुढे पोरगी पडली की एकीने लगेच वर जायचं. तिला शोधत बसायला लावू नका."