तेरड्याचा माळ आणि धुरपाची मेंढरं

एकदा काय झालं, एका राजाची राणी वारली. ए, पाय मारू नका एकमेकांना! ऐकायचंय ना? मग गोधडी घ्या अंगावर नीट.

तर राणी वारली. तिचा जीव होता गावाबाहेरच्या माळावर. भादव्यात तो माळ तेरड्यानं नुसता गुलाबी व्हायचा. गावच्या पोरी तिथनंच तेरडा उपटून आणायच्या, तीच घरोघरची गौर. मग फुलं झडायची, बी पडायचं. आणि दिवाळी झाली की धुरपा धनगरीण मेंढरं घेऊन माळावर यायची. सगळ्यांची पाळी ठरलेली, बरं का. भांडण म्हणून नाही.

पण राजाला वाटलं, राणीची फुलं कुणी तुडवायची नाहीत. त्यानं माळाभोवती दगडांचा गडगा घातला, चांगला छातीएवढा. दारात पहारेकरी बसवले. झालं! माळ बंद.

मग धुरपा आली. म्हणाली, "म्हाराज, मेंढरं कुठं न्यू? गवत खाल्लं नाय तर फुलाला ऊन कसं घावायचं?"

राजा म्हणाला, "बाई, मेंढरं फुलं खातात. जा."

अहो, दिवाळीनंतर कुठली आलीयत फुलं! पण शहाण्याला सांगणार कोण?

त्या वर्षी धुरपा मेंढरं घेऊन नदीपल्याड कातळावर गेली. तिथं काय खातील, दगड? आयांना दूध सुटेना. कोकरं गेली बिचारी.

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा आली. राजाच्या पाया पडली. "मेंढरं नगा सोडू, पर गवत तरी कापून न्यू द्या. अर्धा कळप गेला माझा."

राजानं मान फिरवली. तो वाईट नव्हता रे. दुःखात होता. पण दुसऱ्याचं दुःख त्याला दिसेना, त्याला काय करायचं?

त्या भादव्यात पोरी रिकाम्या हातानं परतल्या. घरोघर नुसता तांब्या ठेवून गौर मांडली. लोक चिडले. पहारेकऱ्यांना दगड मारले. आणि ज्या राणीसाठी सगळा गाव रडला होता, तिच्याच नावानं बाया बोटं मोडायला लागल्या. "मेली ती मेली, आमचा माळ घेऊन गेली!"

हे राजाच्या कानावर गेलं. तिसऱ्या भादव्यात तो एकटाच माळावर गेला. बघतो तर काय, कमरेएवढं गवत! जुनं वाळलेलं, त्यावर नवं, सगळं गच्च. तेरडा नावाला नाही. गवताखाली गुदमरून मेला होता.

राजा तसाच धावत धुरपाच्या खोपटापाशी गेला. "धुरपाबाई, चुकलो मी. तुझी मेंढरं घेऊन ये."

धुरपा म्हणाली, "कुठली मेंढरं, राजा? निम्मी मेली, निम्मी पोटासाठी इकली. ही लंगडी तेवढी कुणी घेतली नाय."

राजा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग राजानं स्वतःच्या हातानं गडगा पाडला. दिवाळीनंतर लंगडी माळावर गेली. एवढा मोठा माळ आणि एक मेंढी! पाऊस झाला, भादवा आला. जेवढं तिनं खाल्लं होतं, तेवढ्याच जागेत तेरडा उगवला. या तुमच्या गोधडीएवढा. त्या वर्षी सगळ्या गावात एकच गौर बसली, आणि सगळ्यांनी मिळून तिची आरती केली.

पुढं राजानं दुसऱ्या गावची मेंढरं बोलावली. माळ पुन्हा गुलाबी झाला. राजा हसायला लागला, पोरी नाचायला लागल्या, सगळे सुखानं नांदले.

काय म्हणतेस? धुरपापण? नाही गं बाई. खोटं कशाला सांगू? राजानं तिला शंभर मेंढरं देऊ केली, तिनं घेतली नाहीत. रोज संध्याकाळी ती माळाच्या कडेला उभी राहायची आणि सवयीनं हाक मारायची, "हुर्र, या गं, या!" जणू सगळा कळप आहे. आणि लंगडी तेवढी यायची. मग दोघी घरी जायच्या.

चला, मिटा डोळे. रडायचं नाही. उद्या गौरीचा तेरडा आणायला मी पण तुमच्याबरोबर येते माळावर.