कोरडे पोहे

खोटं वाटेल, पण अलिबागेकडच्या आमच्या बेने इस्रायली ज्यूंच्या आळीतून ‘बघू’ हा शब्द पोह्यांनी हद्दपार केला.

झालं असं, की वादळात बाळंतीण हन्नाबाईच्या घराचं छप्पर उडालं. रहमीम मुकादमांच्या परसात माडाचे विणलेले झाप ढिगाने पडलेले. मागायला जावं, तर मुकादम दाढी कुरवाळत म्हणायचे, "दिले म्हणून समजा! न्यायचं बघू सवडीने." इकडे तान्हं बाळ ओल्या भिंतीपाशी खोकत होतं.

शुक्रवारी दुपारी मुकादमांकडे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नवसाचा मलिदा, म्हणजे गूळ-खोबऱ्यातले गोड पोहे, होता. टोप्या घालून पाहुणे बसले. मलिदा करणाऱ्या सिगुलाआत्याने ताट आणून ठेवलं. त्यात कोरडे पोहे, न फोडलेला नारळ आणि गुळाची अख्खी ढेप!

"आत्या, हा काय मलिदा?" मुकादम ओरडले.

"केला म्हणून समज! भिजवायचं बघू सवडीने."

"अगं, दिवस कलला! सूर्य बुडून शब्बाथ लागला की कामाला हात लावता येणार नाही. एलियाहू हन्नाबी येऊन उपाशी जातील!"

"ते कसले येतायत? हन्नाच्या घरी बाळावर झगा धरून उभे असतील. तुझे झाप पोचले की सुटतील बिचारे. तू गाडी भर, तोवर माझे पोहे भिजतात."

पाहुणे खो-खो हसले. मुकादमांनी मुकाट्याने बैल जुंपले.

सूर्य बुडायच्या आत छप्परही झालं, मलिदाही झाला. एलियाहू हन्नाबी जेवून गेले म्हणतात, कारण मलिद्याभोवती मांडलेल्या केळ्यांतलं एक कमी भरलं. मी ताटाशेजारीच बसलो होतो, ही गोष्ट वेगळी.

तेव्हापासून आळीत कुणी ‘बघू’ म्हणालं, की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "पोहे भिजवू, का कोरडेच आणू?"