गेनबाकडे जाण्याचे कागद

त्या राज्यात जन्माला येण्यासाठी कागद लागत नसे. पलीकडच्या राज्यात जाण्यासाठी मात्र लागे. दोन्हींच्या मध्ये खारं पाणी होतं आणि पंधरवड्याला एक गलबत सुटे.

गेनबा नावाचा म्हातारा, आंधळा मेंढा त्याच गलबतातून पलीकडे गेला होता. मुलांनी तिकडे हिरवं कुरण मिळवलं होतं आणि बापाला त्यांनी मायेनंच नेलं. पण तिथे तो जागचा हलेना. इकडे सहा वर्षं तो काजळी नावाच्या कुत्रीच्या खांद्याला खांदा लावून चालला होता. तिच्यावाचून पाऊल टाकायची त्याला भीती वाटे. चारा तोंडाशी आणला तर खाई, नाहीतर तसाच बसून राही. शेवटी मुलांचा निरोप आला, "काजळीला पाठवा. लवकर."

काजळी त्याच दिवशी बंदरावरच्या कचेरीत गेली. तिथे घोरपड कारकुनी करी. ती स्वभावानं वाईट नव्हती, पण एकदा धरलेला नियम तिच्याकडून सुटत नसे.

"मालक कोण?" तिनं विचारलं.

"मालक असा कुणी नाही. मी गेनबाबरोबर चालते."

"बरोबर चालण्याला रकाना नाही, बाई."

काजळीनं कोऱ्या रकान्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गेनबाचं नाव लिहा."

नाव लिहिलं गेलं. आपण आता कुणाच्या तरी मालकीच्या झालो, हे तिला बाहेर पायरीवर आल्यावर उमगलं.

पुढचं काम साळूबाईंकडे होतं. त्या जातीनं साळिंदर, आणि राज्याच्या वैद्य. त्यांनी काजळीच्या मानेत कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी खूण बसवली. त्या खुणेत तिचा आकडा होता. मग पिसाळण्यावरची लस टोचली. महिन्यानं रक्त काढून तपासणीला पाठवलं.

"रक्त चांगलं निघालं तरी तीन महिने थांबावं लागेल," त्या म्हणाल्या.

"मी आजवर कुणाला चावले नाही."

"मला ठाऊक आहे गं. तिकडे ठाऊक नाही ना."

काजळी थांबली. दर गलबताबरोबर खबर येई. गेनबा बारीक झालाय. गेनबा आता उठतच नाही. ती ऐकून घेई आणि धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येई.

तीन महिने सरले. प्रकृतीचा दाखला मिळाला, पण तो दहाच दिवस चाले, आणि वारा पडल्यामुळे गलबत बाराव्या दिवशी आलं. साळूबाईंनी कुरकुर न करता तिला पुन्हा दातांपासून शेपटीपर्यंत तपासलं आणि नवा दाखला लिहिला. मग औषधाच्या पाण्यानं तिला घासायला घेतलं.

"वास सगळा जाईल का हो?" काजळीनं विचारलं.

"गोचीड राहता कामा नये, असा नियम आहे."

"तो मला वासावरच ओळखतो."

साळूबाईंचा हात थांबला. थोड्या वेळानं तो पुन्हा फिरू लागला, पण हळू.

पलीकडच्या धक्क्यावर मुलांनी बापाला आधार देत आणलं होतं. काजळीला दिसलं ते एक हाडकुळं, उघडं जनावर. तिकडच्या रिवाजाप्रमाणे त्याची लोकर उतरवली होती, कानात बिल्ला होता. गेनबाला शोधत तिनं आधी दुसरीकडेच पाहिलं. गेनबा पुढे झाला, त्यानं तिचा कान हुंगला, मान हुंगली.

"ही कोण?"

"मी काजळी."

"आवाज तिचाच आहे," तो म्हणाला, पण खांदा त्यानं पुढे केला नाही.

तिथला अंमलदार करकोचा आला. त्यानं मानेतला आकडा वाचला, गेनबाच्या बिल्ल्यावरचा वाचला, दोन्ही कागदाशी ताडून पाहिले. "ओळख पटली," म्हणाला, शिक्का मारला आणि गेला. मुलंही समजून थोडी दूर जाऊन उभी राहिली.

धक्क्यावर एकच लहानसं झाड होतं. सकाळची त्याची सावली लांब पडली होती. तिच्या एका टोकाला गेनबा बसला, दुसऱ्या टोकाला काजळी. ऊन चढू लागलं. सावली आखडत गेली, तशी दोघं आत आत सरकत राहिली. भर दुपारी ती एका जनावरापुरती उरली, आणि दोघंही सावलीतच होती.