शेळीच्या निबंधाला शून्य

“…मग शून्य दिलं, यात माझं काय चुकलं, बुवा?”

मठाच्या ओसरीवर कोपरकर मास्तर ताठ बसले होते. रघूबुवांचा जुना शिष्य. माणूस असा शिस्तीचा, की शिंकायच्या आधी समास सोडेल.

“नियम काय तुमचे?”

“आधी सुरुवात, मग मध्य, मग शेवट. वाक्य आखूड. खाली तात्पर्य. ढ पोरं लिहिती झाली यावर! ही मुक्ता गुरव… एक ओळ जमत नव्हती तिला.”

“आणि आता?”

“शेळी व्यायली, त्यावर लिहिलंय. सुरुवात नाही, तात्पर्य नाही. पानभर एकच वाक्य!”

“वाचलंत?”

“दोनदा.” मास्तरांनी चष्मा पुसला. “डोळ्यांत धूर गेला होता.”

गेला असेल. मास्तरांकडे गॅस आहे, पण गेला असेल.

“शून्य बघून म्हणते, आता लिहिणारच नाही… बुवा, नियम चूक की पोरगी?”

“नियम बरोबर.”

मास्तर खुलले.

“पोरगीही बरोबर.”

मास्तर मिटले.

बुवा उठले. कोपऱ्यातून लाकडी पांगुळगाडा ओढून आणला. तीन चाकांचा, धरून तान्ही पोरं पाऊल टाकायला शिकतात तो.

“हा धरा आणि पारापर्यंत जाऊन या.”

गुरूचा शब्द. मास्तर कमरेत वाकले आणि निघाले. चाकं कुरकुरली, मास्तरही. पारावरची मंडळी पोट धरून हसली. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं, ते सांगत नाही.

मास्तर परत आले ते कंबर दाबत. “अहो, एरवी मी झपाझप चालतो! यानंच अडखळलो.”

“असं? म्हणजे गाडाच वाईट.”

बुवांनी गाडा उचलला आणि धुनीकडे निघाले.

“अहो, अहो, जाळताय काय!” मास्तरांनी धावत जाऊन गाडा हिसकावला. “अख्खी आळी चालायला शिकली यावर! एका घरचं पोर चालायला लागलं, की त्यांच्याकडनं आणायचा, दुसऱ्या घरी द्यायचा. रंगूबाईचा नातू आता उभा राहतोय, त्याला लागेल…”



गाडा तसाच मास्तरांच्या छातीशी.

…

बुवांनी चिमट्यानं निखारा सारखा केला.

“मुक्ताही चालायला लागली. तिच्या घरचा कधी आणताय, मास्तर?”