येसबाचा मोठा खिसा

डोंगराच्या पायथ्याला पळसखोरे नावाचं गाव होतं आणि त्या गावात येसबा नावाचा एक भोळा गडी राहत होता. गावात भोळे आणखीही होते, पण ते कबूल करत नसत. येसबा कबूल करायचा. अंगानं तो बैलासारखा होता आणि मनानं वासरासारखा. सांगितलेलं काम त्यानं कधी टाळलं नाही. वाईट एवढंच, की जे सांगितलं तेच तो करायचा.

त्याची बायको सगुणा शहाणी होती. तिला पाचवा महिना लागला तेव्हा तिचे वडील, वरच्या वाडीचे आबा, लेकीला बघायला खाली उतरले. आबा चणीनं अगदी बारीक, वाळल्या शेंगेसारखे. पण आवाज असा, की वाडीवर शिंकले तर पायथ्याला कुत्री उठायची.

अंगणात पाऊल टाकलं आणि आबांच्या पायात काटा मोडला. ते खाली बसले आणि म्हणाले, "जावईबापू, जरा काहीतरी टोकदार आणा."

येसबा धावत शेतावर गेला आणि धावतच परत आला. त्याच्या खांद्यावर नांगर होता.

"गावात याच्याहून टोकदार काही नाही, मामा," तो म्हणाला.

आबांनी नांगराकडे बघितलं, येसबाकडे बघितलं. मग डोक्यावरच्या पागोट्यात बोट घालून सुई काढली आणि आपला काटा आपणच काढला. आबांच्या पागोट्यात सुई असायची, सुतळी असायची, सुपारीचं खांडही असायचं. वेळ सांगून येत नाही, असं ते म्हणायचे.

भाकरी खाऊन उठताना ते लेकीला म्हणाले, "सातव्यात तुला न्यायला येतो. पहिलं बाळंतपण माहेरीच. पण नंतर परत पाठवायचं की नाही, ते मी ठरवीन. ज्या घरात अडचणीला कामी येईल असं काही नाही, त्या घरात मी लेक आणि नातवंड ठेवणार नाही."

आबा एकदा बोलले की बोलले. हे सगुणेला लहानपणापासून ठाऊक होतं. आणि तिला तर परत यायचं होतं. येसबा तिच्याशी कधी खोटं बोलला नव्हता, आणि असे नवरे पायथ्याला काय, वाडीवरही फारसे नव्हते.

तिनं येसबाला जाड मांजरपाटाची एक बंडी शिवली. बंडीला पुढून-मागून, आतून-बाहेरून खिसे लावले. एका खिशात काडेपेटी ठेवली, एकात जत्रेतली शिट्टी, एकात दोरी, एकात सुईदोरा.

"जे अडचणीला कामी येतं ते माणसानं अंगावर बाळगायचं," ती म्हणाली. "हे सगळं अडचणीसाठी आहे. उगाच रोजच्या कामाला वापरायचं नाही."

"नाही वापरणार," येसबा म्हणाला.

त्याच संध्याकाळी देवळात आरतीच्या वेळी वारा सुटला आणि समई विझली. पुजाऱ्यानं अंधारातून विचारलं, कोणाजवळ काडेपेटी आहे का. येसबा म्हणाला, आहे. पुजारी म्हणाला, दे. येसबा म्हणाला, देता येत नाही, ही अडचणीसाठी आहे आणि समई तर तुम्ही रोजच लावता. मग आरती अंधारातच झाली. ताट कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेलं, कळलं नाही. नैवेद्याचे पेढे कोणाच्या तोंडात गेले, तेही कळलं नाही.

सगुणेनं कपाळाला हात लावला. "अहो, अंधार दिसला की काडी ओढायची."

"बरं," येसबा म्हणाला. "अंधार दिसला की काडी ओढायची."

दुसऱ्या दिवशी तो म्हशीसाठी कडबा आणायला गंजीकडे गेला. चांगलं ऊन पडलं होतं. पण गंजीतून पेंढ्या ओढता ओढता आत एक भोक पडलं आणि त्या भोकात अंधार दिसला. येसबानं काडी ओढली आणि हात आत घातला.

कडबा जळाला. म्हैस वाचली, पण उपाशी राहिली. येसबा मात्र खुशीत होता. आत कुठंच अंधार राहिला नव्हता.

सगुणा म्हणाली, "अहो, आग दिसली की शिट्टी फुंकायची. माणसं गोळा करायची आणि पाणी ओतायचं."

"बरं," येसबा म्हणाला. "आग दिसली की शिट्टी फुंकायची, माणसं गोळा करायची, पाणी ओतायचं."

पुढच्याच आठवड्यात पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, नवरा-नवरी होमापुढे बसली. भटजींनी तूप सोडलं आणि ज्वाळा वर आली. येसबानं शिट्टी फुंकली. शिट्टी ऐकून मांडवामागचे आचारी धावले, वाढपी धावले, वरातीचे वाजंत्री धावले. येसबा ओरडला, "पाणी ओता." लोकांनी आधी ओतलं आणि मग बघितलं. होम विझला. नवरदेवाचा फेटा डोळ्यांवर आला. भटजींच्या पोथीची पानं एकमेकांना चिकटली, त्यामुळे पुढचे विधी जरा लवकर आटोपले. सप्तपदी चिखलात झाली. वरमाय म्हणाली, आमच्याकडे अशी पद्धत नाही. पाटील म्हणाले, आमच्याकडेही नाही.

सगुणेला त्या दिवशी जेवण गेलं नाही. ती म्हणाली, "अहो, मदतीला धावायच्या आधी नीट विचारायचं. अडचण आहे का, असं विचारायचं. आहे म्हणाले, तरच हात लावायचा."

"बरं," येसबा म्हणाला. "आहे म्हणाले तरच हात लावायचा."

चार दिवसांनी गोंदा न्हावी पाटलांच्या विहिरीत पडला. गोंदाला पोहता येत नव्हतं. येसबा जवळच होता. तो काठावर उकिडवा बसला आणि त्यानं वाकून विचारलं, "गोंदा, अडचण आहे का?"

गोंदाच्या तोंडात पाणी होतं. तो काही बोलला नाही.

येसबानं वाट बघितली. तोंडात काही असताना माणसाला बोलायला लावू नये, एवढी रीत त्याला होती. गोंदा खाली गेला की तो गप्प बसे. वर आला की पुन्हा विचारी. शेवटी मोटेवरच्या गड्यानं ते बघितलं आणि उडी घेऊन गोंदाला बाहेर काढला. गोंदा बराच वेळ पालथा पडून होता. पाणी ओकून झाल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, "आहे."

"मग आधी नाही का सांगायचं," येसबा म्हणाला.

सगुणेनं त्याला समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. "पाण्यात माणूस दिसला, की काही विचारायचं नाही. दोरी टाकायची आणि ओढून काढायचं. तो नको म्हणाला तरी."

"नको म्हणाला तरी?"

"तरी. घाबरलेला माणूस काहीही बोलतो."

येसबानं मान डोलावली. हा धडा त्याला फार आवडला. त्यात विचारायचं काही नव्हतं.

सातवा महिना लागला. ठरल्याप्रमाणे आबा लेकीला न्यायला खाली उतरले. डोंगर उतरून अंग धुळीनं माखलं होतं, म्हणून गावात शिरण्याआधी ते नदीवर गेले. पागोटं आणि धोतर काठावर ठेवलं, लंगोटावर पाण्यात उतरले आणि गळ्याइतक्या पाण्यात डोळे मिटून सुखानं बसले.

येसबाला पाण्यात माणूस दिसला.

दोरीचा फास बरोबर आबांच्या काखेत बसला. आबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, नको. येसबानं ओढलं. आबा म्हणाले, अहो नको, जावईबापू, नको. आबा जितकं नको म्हणाले तितकं येसबाला पटत गेलं, की माणूस फार घाबरलेला आहे. त्यानं आबांना पाण्यातून, चिखलातून, गोट्यांवरून ओढत थेट धुणं धुणाऱ्या बायकांच्या मधोमध आणून ठेवलं.

एका म्हातारीनं तोंडावर पदर घेऊन विचारलं, "येसबा, मासा गावला का रे?"

आबा त्या दिवशी येसबाच्या घरचं पाणीही प्यायले नाहीत. सगुणेची बोचकी त्यांनी स्वतः बांधली. ती म्हणत होती, आबा, त्यांनी माझंच ऐकलं, चूक माझी आहे. आबांनी ते कानावर घेतलं नाही. उंबऱ्यात उभं राहून ते येसबाला म्हणाले, "खिसे भरून माणूस कामाचा होत नाही, जावईबापू. या घरात अडचणीला कामी येत होती ती एक माझी लेक. तिला मी नेतो. बारशाला या, जेवा आणि एकटेच परत जा."

सगुणा डोंगर चढून गेली. वळणावर थांबून तिनं मागं बघितलं. येसबा अंगणात उभा होता. खिशांवर हात ठेवून.

त्यानंतर तो पुष्कळ दिवस विचार करत होता. त्याला इतका विचार करायची सवय नव्हती, त्यामुळे तो वाळला. काडेपेटी खिशात होती, ती राहिली. शिट्टी खिशात होती, ती राहिली. दोरी राहिली, सुईदोरा राहिला. सगुणा खिशात नव्हती, म्हणून गेली. जे अडचणीला कामी येतं ते अंगावर बाळगायचं, असं ती स्वतःच म्हणाली होती. आपण नीट ऐकलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

मग त्यानं धान्याचं पोतं घेतलं, टोचू नये म्हणून आतून घोंगडी लावली आणि सुईदोऱ्यानं ते बंडीच्या पुढच्या बाजूला शिवलं. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत एकच खिसा झाला. गोंदा न्हाव्यानं लांबूनच विचारलं, की यात काय ठेवणार.

"बायको," येसबा म्हणाला.

सगुणेला मुलगा झाला. बारशाला येसबा ती बंडी घालून वाडीवर गेला. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. त्यांनी खिशाचं विचारलं, येसबानं खरं ते सांगितलं, आणि हसून हसून एकीच्या हातातल्या घुगऱ्या सांडल्या. सगुणा हसली नाही. तिनं खिशाचे टाके बघितले. आतली घोंगडी बघितली. मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. रडत होती की हसत होती, ते मागून कळलं नाही.

आबा मात्र म्हणाले, "जेवण तयार आहे. जेवा आणि निघा."

इतक्यात पाळण्याच्या दोरीनं कर्र केलं.

बाळ पाळण्यात होतं. आढ्याजवळ दोरीचा एक पदर तुटला, मग दुसरा. बायका किंचाळल्या. येसबानं खिशांकडे हात नेला. अंधार नव्हता, म्हणून काडेपेटी नको. आग नव्हती, म्हणून शिट्टी नको. पाणी नव्हतं, म्हणून दोरी नको. आता विचारणं तेवढं उरलं, म्हणून अडचण आहे का असं विचारायला तो बाळाकडे वाकला.

तेवढ्यात आबांनी डोक्यावरचं पागोटं ओढलं, आढ्यावरून टाकलं, पाळण्याखालून घेतलं आणि पक्की गाठ मारली. दोरी तुटली. पाळणा जागेवरून हलला नाही. बाळ जागंसुद्धा झालं नाही.

सगळीकडून सुस्कारे सुटले. सगुणेची आई म्हणाली, "बघा, अडचणीला कोण कामी आलं. हेच आले."

येसबानं ते ऐकलं. त्यानं सगुणेकडे बघितलं. मग आबांकडे बघितलं. केवढी चूक होणार होती, हे त्याच्या लक्षात आलं.

त्यानं आबांना काखेत धरून उचललं आणि खिशात ठेवलं.

आबा म्हणाले, नको. येसबाला आपला आवडता धडा आठवला. वाटेत सांडू नयेत म्हणून त्यानं खिशाचं तोंड आबांच्या गळ्याशी शिवून घेतलं, दोरा दातानं तोडला, सगळ्यांना रामराम केला आणि डोंगर उतरायला लागला. लोक इतके थक्क झाले, की कोणी आडवं आलं नाही. आबांचा आवाज मात्र पायथ्यापर्यंत सगळ्यांना ऐकू येत होता.

वाटेत राईत अंधार पडला. येसबानं काडी ओढली आणि पायवाट बघून घेतली. हे त्याचं बरोबर होतं. आबांच्या ते लक्षात आलं, पण कौतुक करण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

घरी पोचल्यावर येसबानं बंडी काढली आणि रोजच्यासारखी खुंटीला अडकवली. मग निवांत झोपला. पुष्कळ दिवसांनी त्याला झोप लागली.

सकाळी दार वाजलं. दारात सगुणा होती, कडेवर बाळ होतं. वडलांना सोडवायला ती उजाडताच डोंगर उतरून आली होती. आत आली तर आबा भिंतीवर होते.

येसबा नुकताच उठला होता. मामांचा चेहरा त्याला बरा दिसेना. तो खुंटीपुढे उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "मामा, अडचण आहे का?"

आबांनी लेकीकडे बघितलं. ती घरात पाऊल टाकल्याबरोबर बाळाला खाली निजवून, पदर खोचून टाके उसवायला लागली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी थांबवलंही नसतं.

"आहे," आबा म्हणाले. "आणि तुमच्या घरात अडचणीला कामी येणारं माणूस ही आहे. मी नाही. हिलाच ठेवून घ्या. मला जाऊ द्या."

येसबानं सगुणेला विचारलं, चालेल का. सगुणा म्हणाली, चालेल.

आबा उघड्या डोक्यानं डोंगर चढून गेले. खिसा रिकामा झाला, त्यात बाळ निजायला लागलं. घोंगडीमुळे त्याला काही टोचत नव्हतं.

दुपारी गोंदा न्हावी आला. सगुणेला चुलीपाशी बघून तो येसबाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वेडा म्हणतो आम्ही तुला, पण बायको आणलीस की नाही शेवटी."

"मी कुठं आणली?" येसबा म्हणाला. "मी तर मामांना आणलं होतं. ते एका रात्रीत परत गेले. आता हिच्यावरच भागवायचं."